बाळाच्या महाधमनीचं ऑपरेशन: 'रक्त थांबवणार' म्हणजे नेमकं काय करणार?

ओझरचा_मामा
सोमवार, रात्री ११.४०

मंडळी, एरवी मी इथे मिसळीच्या आणि गडकिल्ल्यांच्या धाग्यांवर असतो. आज वेगळ्या कामासाठी लिहितोय.

बहिणीचं बाळ एकोणीस दिवसांचं आहे. मुलगा, वजन २ किलो ९००. बाराव्या दिवसापर्यंत काहीच नव्हतं, बारशाचे पेढेसुद्धा सांगून झाले होते. मग दूध ओढेना, पाय गार पडले, धाप लागल्यासारखा श्वास. नाशिकला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्या बाईंनी स्टेथोस्कोपला हात लावायच्या आधी जांघेत दोन बोटं ठेवली. आधी उजवीकडे, मग डावीकडे, आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. नाडी लागत नव्हती. टूडी इकोत निघालं की महाधमनीची कमान बारीक आहे आणि पुढे एका जागी आवळलेली आहे. त्याच रात्री कार्डियाक ॲम्ब्युलन्स, पंपावर थेंबथेंब चालणारं औषध, बर्फाच्या डब्यात त्याच औषधाच्या जादा बाटल्या, कसारा घाट आणि मुंबई.

ऑपरेशन परवा आहे. सर्जननी केसपेपरच्या मागे छत्रीच्या मुठीसारखी कमान काढून दाखवली आणि म्हणाले, "कमानीचं काम करताना थोडा वेळ शरीराचं रक्त फिरणं थांबवू, मेंदूला वेगळं रक्त देऊ." दाजींनी सही केली. मी जाणकारासारखी मान हलवली. बाहेर आल्यावर लक्षात आलं की मला काहीही कळलेलं नाही. रक्त थांबवलं तर तेवढा वेळ बाळ... पुढचं लिहवत नाही. गूगल करू नका असं सिस्टरनी बजावलं होतं. केलं, आणि पस्तावलो.

कुणाला माहिती असेल तर साध्या भाषेत सांगा. धीर द्यायला घरचे आहेत, मला माहिती हवी आहे.

---

मक्याचा_चिवडा
सोमवार, रात्री ११.५२

वाचतेय. माहिती काही नाही माझ्याकडे. सकाळी काळारामाला जाते.

---

पंपवाली
मंगळवार, सकाळी ६.१५

मामा, मी मूळची नाशिकरोडची, जेलरोडला माहेर. वीस वर्षं परफ्युजनिस्ट म्हणून काम केलं, त्यातली बारा लहान मुलांच्या थिएटरमध्ये. मी डॉक्टर नाही. सर्जन हृदयावर काम करतात तेव्हा रक्त फिरवत ठेवणारं यंत्र ज्याच्या हातात असतं, तो माणूस मी. तुमच्या बाळाबद्दल तिथले डॉक्टरच बोलतील, मी यंत्राबद्दल बोलते.

ते थेंबथेंब औषध म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. पोटात असताना बाळाला एक जादा रक्तवाहिनी असते, डक्ट. जन्मानंतर ती काही दिवसांत मिटते. कमान आवळलेली असली तरी ही वाट उघडी असेपर्यंत कमरेखाली रक्त पोचत असतं, म्हणून बाळ छान दिसतं. वाट मिटली की पाय गार, शू बंद, दूध बंद. औषधाने ती पुन्हा उघडते किंवा उघडी राहते. त्याने कधीकधी बाळ श्वास घ्यायचंच विसरतं, म्हणून तुमच्या ॲम्ब्युलन्समध्ये व्हेंटिलेटर असणार.

आता यंत्र. २ किलो ९०० च्या बाळाच्या अंगात रक्त किती असतं? किलोमागे ८०-८५ मिली धरा, म्हणजे जेमतेम अडीचशे मिली. अडीच कटिंग चहा. आणि आमच्या यंत्राच्या नळ्या, ऑक्सिजनेटर, टाकी हे सगळं भरायलाच जवळपास तेवढा द्रव लागतो. नुसतं सलाईन भरलं तर बाळाचं रक्त निम्म्यावर पातळ होईल, म्हणून लहान बाळाच्या यंत्रात रक्तपेढीचं रक्त आधीच भरून ठेवतात. तेही ताजं, कारण साठवलेल्या रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि एवढ्याशा हृदयाला ते सोसत नाही. आम्ही तर नळ्या इंच-इंच कापून लहान करायचो आणि यंत्र टेबलाला अगदी खेटून लावायचो. वाचलेला प्रत्येक इंच म्हणजे परक्याचं तेवढं रक्त कमी.

यंत्र चालू असताना हृदय आणि फुप्फुसं दोघांनाही सुट्टी. उजव्या कप्प्यातून काळसर रक्त नळीत येतं, ऑक्सिजन घेऊन लाल होतं आणि महाधमनीत परत जातं. एवढ्या बाळाला मिनिटाला साधारण अर्धा लिटर फिरवावं लागतं. अंगातलं सगळं रक्त मिनिटाला दोनदा.

अडचण इथे आहे. परत जाणारी नळी बसते महाधमनीत, आणि आपल्याला उघडायचीय तीच. त्यावरची तोड दुपारी लिहिते. ड्यूटी नाही, पण दळण आहे.

---

शुद्धलेखन_काका
मंगळवार, सकाळी ८.३०

आमच्या शाळेत 'महारोहिणी' होतं. 'महाधमनी' कधीपासून झालं?

---

मक्याचा_चिवडा
मंगळवार, सकाळी ८.३४

काका, आज नको.

---

सातपूरची_सून
मंगळवार, सकाळी ९.१०

मामा, तुमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना माझा नमस्कार सांगा. माझ्या मुलीच्या वेळी जिथे बाळंतपण झालं तिथे तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. जांघेतली नाडी कुणी बघितली नाही. बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितला, ९७ आला, म्हणाले सगळं ठीक. सातव्या दिवशी दूध घेईना म्हणून पुन्हा गेलो तर "पहिलटकरीण आहे, पाजता येत नाही" असं म्हणून मलाच नीट बसायला शिकवलं. दहाव्या दिवशी पोर निळीकरडी पडली. हा आजार त्या चिमट्यात कधीकधी सापडत नाही, हे मला नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं.

तिची कमान चांगली होती, फक्त पुढची एक जागा आवळलेली. त्यामुळे डाव्या कुशीतून, बरगड्यांमधून काम झालं. पंप लावलाच नाही. महाधमनीला वरून-खालून चिमटे लावले, आवळलेला तुकडा कापला, दोन टोकं जोडली. चिमटा १८ मिनिटं होता. आता तिसरीत आहे, दोरीवरच्या उड्यांत मला हरवते. वर्षातून एकदा हाताचं आणि पायाचं ब्लडप्रेशर बघायला जातो.

---

पंपवाली
मंगळवार, दुपारी १.२०

सूनबाई, तुमच्या मुलीचं वेगळं आणि मामांच्या भाच्याचं वेगळं, ते असं. आवळलेली जागा कमानीच्या पुढे असेल तर कुशीतून काम भागतं. चिमटा असताना कमरेखाली रक्त कमी जातं. मज्जारज्जूला ते फार वेळ चालत नाही, म्हणून अंग दोन-तीन अंश थंड ठेवतात आणि घड्याळावर नजर. पण कमान स्वतःच बारीक असली की छाती समोरून उघडावी लागते. मानेत आणि हातात जाणाऱ्या वाहिन्या त्याच कमानीतून फुटतात. कमान उघडली की डोक्याचं रक्त तुटतं.

जुना उपाय थंडीचा. यंत्रातूनच रक्त गार करत जायचं, डोक्याभोवती बर्फाच्या पिशव्या, वीसेक मिनिटांत बाळ १८ अंशांवर. मग यंत्र बंद. हृदय थांबलेलं, रक्त थांबलेलं, टेबलावर पूर्ण शांतता. सर्जनला समोर कोरडी, रिकामी महाधमनी मिळते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझे हात यंत्रापेक्षा गार झाले होते. बाळ तेव्हा मेलेलं नसतं, मामा. १८ अंशांवर पेशींची भूक इतकी कमी होते की अर्धा तास मेंदूला उपास सोसतो. त्यापुढे, चाळीस मिनिटांनंतर, धोका चढत जातो.

हे अंदाजाने म्हणत नाही. बोस्टनला १९८८ ते १९९२ मध्ये १७१ बाळांवर तुलना केली होती. आजार वेगळा होता, पण प्रश्न हाच: रक्त पूर्ण थांबवायचं की थोडं फिरवत ठेवायचं. पूर्ण थांबवलेल्यांत नंतर झटके जास्त आले. ही मुलं शाळेत जायला लागल्यावरही तपासली, तेव्हा साधारण ४१ मिनिटांच्या पुढे थांबवलेल्यांमध्ये फरक दिसू लागला.

नवा उपाय तुमच्या सर्जननी सांगितला तो. कमानीतून उजवीकडे पहिली फांदी फुटते, तिच्यातून उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त जातं. तिला तीन-साडेतीन मिलिमीटरची कृत्रिम नळी शिवायची आणि माझी नळी त्यात. बाकीच्या फांद्यांना दोऱ्याचे फास. मग कमान उघडली तरी डोक्याला रक्त चालू. मेंदूच्या तळाशी वाहिन्यांचं एक कडं असतं, त्यातून उजवीकडचं रक्त डावीकडे पोचतं. तेव्हा पंप मंद करतो, पूर्ण वेगाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर. बाळाच्या उजव्या मनगटात दाबाची बारीक सुई असते, तिच्यावरून कळतं किती जातंय. कपाळावर एक चिकटपट्टी असते, ती अवरक्त प्रकाशाने आतला ऑक्सिजन वाचते. आकडा सुरुवातीपेक्षा फार खाली गेला की आम्ही बोंब मारतो.

---

मळेवाला_पिंपळगाव
मंगळवार, दुपारी २.०५

ताई, हे तर आमचंच काम झालं. द्राक्ष काढलं तरी ते जिवंतच असतं, श्वास घेत असतं. उन्हात राहिलं तर तासा-तासाला देठ सुकतो. म्हणून काढलं की पळवायचं प्रीकूलिंगला. शून्याच्या आसपास नेलं की त्याचा श्वास मंदावतो आणि बोटीतून युरोपला पोचेपर्यंत टिकतं. आणि तुमचा नवा उपाय म्हणजे मेन लाईन फोडून दुरुस्ती चाललीय, पण एका व्हॉल्व्हवर नर्सरीला पाणी चालू. बाकीचा मळा तेवढा वेळ ताण सोसतो.

मामा, माणसाची आणि द्राक्षाची तुलना केली, राग मानू नका. मला असंच समजतं.

---

पंपवाली
मंगळवार, दुपारी २.१८

मळेवाले दादा, विद्यार्थ्यांना शिकवताना तुम्ही हवे होतात. एकच भर: द्राक्ष एकदम गार करून चालतं, पण आम्हाला परत गरमही करायचं असतं, आणि ते सावकाश. रक्त आणि अंग यांच्यात फार तफावत पडू द्यायची नाही. घाई केली तर रक्तात हवेचे बुडबुडे सुटतात आणि मेंदू गरजेपेक्षा जास्त तापतो. सर्जन वैतागतात, "झालं का?" विचारतात. आम्ही ऐकत नाही.

---

तर्कट
मंगळवार, दुपारी ४.४०

मग रक्त पूर्ण थांबवणारी पद्धत अजून का वापरतात? मेंदूला रक्त देता येत असताना न देणं हा सरळ निष्काळजीपणा नाही का? मामा, डॉक्टरांकडून लेखी घ्या की एक मिनिटही थांबवणार नाही.

---

पंपवाली
मंगळवार, संध्याकाळी ५.३०

तर्कट, कागदावर तुमचं बरोबर वाटतं. पण मिशिगनमध्ये दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली, अर्ध्या हृदयाने जन्मलेल्या बाळांमध्ये. निकाल २००७ मध्ये आला. वर्षाच्या वयाला नव्या पद्धतीची मुलं पुढे निघाली नाहीत. नळी शिवायला वेळ लागतो, त्या नळीतून हवा जाऊ शकते, दाब जास्त झाला तर मेंदूला सूज, कमी झाला तर उपास. अनुभवी माणसाच्या हातात वीस मिनिटांचं संपूर्ण थांबणं हे चुकीच्या जागी बसलेल्या नळीपेक्षा बरं. बहुतेक ठिकाणी आता मेंदूला रक्त देतात, १८ ऐवजी २५ अंशांच्या आसपास काम करतात, आणि मध्ये दोन-चार मिनिटं थांबावं लागलं तर थांबतात. काही ठिकाणी खालच्या महाधमनीतही दुसरी नळी टाकतात, मूत्रपिंडं आणि आतडी उपाशी राहू नयेत म्हणून.

लेखी वगैरे मागू नका, मामा. "एक मिनिटही नाही" असं वचन दिलेल्या सर्जनचा हात त्या मिनिटाला थरथरला तर? त्यापेक्षा विचारा: मेंदूला रक्त कुठून देणार, कपाळावर पट्टी असेल का, छाती लगेच बंद करणार की उघडी ठेवणार.

---

ओझरचा_मामा
मंगळवार, संध्याकाळी ७.०५

ताई, तिन्ही प्रश्न विचारले. सर्जन माझ्याकडे बघतच राहिले, मग खुर्ची ओढून बसले आणि पंधरा मिनिटं बोलले. मेंदूला उजवीकडून रक्त, पट्टी असेल, छाती बहुतेक उघडी ठेवू म्हणाले. हे शेवटचं ऐकून बहीण बाहेर गेली.

दाजी विचारतायत, त्यांचंच रक्त का नाही घेत? गट जुळतोय.

---

पंपवाली
मंगळवार, रात्री ८.१०

सगळे बाप हेच विचारतात. सख्ख्या नात्यातलं रक्त तसंच देत नाहीत. देणाऱ्याच्या पांढऱ्या पेशी बाळाच्या अंगात आपल्याच घरच्या म्हणून टिकून राहतात आणि मग बाळावरच उलटतात. किरण मारून त्या निकामी केल्या तर चालतं, पण बाहेरच्या दात्याचं सोपं पडतं. दाजींनी रक्तपेढीत बदली रक्त द्यावं.

पण दाजींना एक गोष्ट सांगा. हृदय-फुप्फुस यंत्राने पहिलं यशस्वी ऑपरेशन गिबन यांनी ६ मे १९५३ ला केलं, अठरा वर्षांच्या मुलीवर. पण त्यांच्या पुढच्या केसेस गेल्या आणि ते थांबले. वर्षभराने मिनेसोटात लिलेहाय यांनी यंत्रच वगळलं. बाळाला आणि बापाला शेजारी झोपवलं आणि बापाच्या मांडीतल्या वाहिन्या नळीने बाळाला जोडल्या. बापाचं हृदय आणि बापाची फुप्फुसं दोघांसाठी चालली. ते पहिलं बाळ ऑपरेशनमधून वाचलं, अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. तरी अशी ४५ ऑपरेशनं झाली आणि २८ मुलं घरी गेली. एका आईला मात्र त्यात मेंदूची इजा झाली. आमच्या यंत्राच्या जागी एके काळी खरोखर बाप झोपलेला असायचा.

(उगाच जादा: रक्त गोठू नये म्हणून देतो ते हेपरिन डुकराच्या आतड्यातून येतं आणि त्याचा असर उतरवणारं प्रोटामिन मूळचं सामन माशाचं. आमच्या थिएटरात शाकाहारी कुणी उरत नाही.)

---

कागदपत्रवाला
मंगळवार, रात्री ९.२५

खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत एकत्र चालतात, त्यात जन्मजात हृदयविकाराच्या शस्त्रक्रिया आहेत. रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो, त्यालाच गाठा, बाकी कुणाच्या खिडकीत उभे राहू नका. एवढ्याशा बाळाचं आधार बहुतेक काढलेलं नसतं, जन्माचा दाखला आणि आई-वडिलांचे कागद न्या. शिवाय २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याचं काम जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रातून (मुलांचे आजार लवकर हुडकून उपचार करणारं केंद्र) चालतं. रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे ना, ते आज रात्रीच बघा. आमचं 'सौ.' मुळे दोन दिवस अडलं होतं.

---

ओझरचा_मामा
बुधवार, दुपारी ३.५०

सकाळी ७.४० ला आत नेलं. पंचवटी एक्स्प्रेसने ओझरची चार पोरं बदली रक्त द्यायला आली. त्यांतला एक रक्तपेढीत सुई बघून आडवा झाला, त्यालाच आम्ही ज्यूस पाजत बसलो.

२.१५ ला सर्जन आले. बारीक भाग उघडून पट्टी लावून रुंद केला, आवळलेला तुकडा आणि डक्टचं सगळं मांस काढलं, नाहीतर ते पुन्हा आवळतं म्हणाले. कमानीचं काम ३४ मिनिटं, तेवढा वेळ डोक्याला रक्त चालू. पूर्ण थांबवलं फक्त ४ मिनिटं. तापमान २५. मी सगळे आकडे हातावर पेनने लिहून घेतले, ताई, तुमच्यासाठी.

छाती उघडी आहे, वर पारदर्शक पडदा. बहिणीला दाखवलं नाही. मी बघितलं. पडद्याखाली ते उडत होतं.

---

पंपवाली
बुधवार, दुपारी ४.०२

४ मिनिटं. छान. आता दोन दिवस फक्त शू मोजा.

---

ओझरचा_मामा
गुरुवार, रात्री १.३०

ताई, तुम्ही 'शू मोजा' म्हणालात तेव्हा हसलो होतो. आता आम्ही सगळे तेच करतोय. सिस्टर दर तासाला पिशवीच्या नळीत बघून लिहितात. तासाला ३ मिली पुरे असं कळलं. दहा वाजता १ होती. अकराला २. दाजी काचेबाहेर उभे. बाराला ४. एकला ६. दाजींनी मला मिठी मारली. माणूस एवढ्याशा शूसाठी रडू शकतो, हे मला माहीत नव्हतं.

---

मळेवाला_पिंपळगाव
गुरुवार, सकाळी ५.४५

पाणी सुटलं. मळा वाचला.

---

ओझरचा_मामा
रविवार, संध्याकाळी ६.२०

शुक्रवारी छाती बंद केली, आज श्वासाची नळी काढली. रडतोय, पण आवाज नाही. तोंड उघडतं, चेहरा लाल होतो आणि मांजराच्या पिल्लासारखी घरघर येते. बहीण घाबरली. डॉक्टर म्हणाले आवाजाची डावी नस कमानीलाच वळसा घालून जाते, ती दुखावलेली असू शकते. बरेचदा काही महिन्यांत सुधारते. दूध श्वासनळीत जाऊ नये म्हणून सध्या नाकातल्या नळीने.

---

सातपूरची_सून
रविवार, संध्याकाळी ६.४१

दूध तोंडाने सुरू कराल तेव्हा घाई करू नका, सिस्टर सांगतील तसंच. आणि घरी आलात की जांघेतली नाडी कशी बघायची ते डॉक्टरांकडून शिकून घ्या. मी अजून बघते, झोपलेली असली की.

---

ओझरचा_मामा
(पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. परवा घरी आलो, कसारा घाटात गाडी थांबवून सगळ्यांनी वडापाव खाल्ला. भाचा ३ किलो ६००. पंधरा दिवसांनी पुन्हा इको, पुढे पुन्हा आवळलं तर फुग्याने रुंद करता येतं म्हणाले. आवाज निम्मा आलाय. शेजारणीला रात्री ऐकू गेला, एवढा.

नाडी बघायला मी शिकलो, बहीण शिकली, पण खरी शिकली आई. रोज तेल लावताना जांघेत दोन बोटं ठेवून डोळे मिटते आणि तोंडाने मोजते. काल म्हणाली, "उजवीपेक्षा डावी जरा हळू लागते का रे?" मी घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बोलावून घेतलं, तपासलं, चारही ब्लडप्रेशर घेतली. दोन्ही सारख्या. आईने ऐकून घेतलं, मग त्यांच्यासमोरच पुन्हा बोटं ठेवून स्वतः बघितलं.

---

पंपवाली
(त्याच दिवशी)

आईंना आमच्याकडे नोकरीला घ्यायला हवं होतं.